माणिकताई आणि सरावलीचा शुक्रवार

माणिकताई सावे यांची आणि माझी पहिली भेट बोईसरला, आमच्या कार्यालयातल्या चहाच्या खोलीत झाली. मी त्या दिवशी विक्री विभागात रुजू व्हायला आलो होतो. मोठे साहेब यायचे होते, म्हणून शिपायाने मला चहा घ्यायला आत पाठवले. आत चष्मा लावलेल्या, सुती साडीतल्या एक बाई भिंतीवरच्या स्टीलच्या मांडणीत ताटे लावत होत्या. ताटांच्या मागे एक पांढरा डबा होता आणि त्याचे हिरवे दिवे लुकलुकत होते. माझ्याकडे वळून न पाहताच त्यांनी विचारले, "तुमच्या घरी टीव्ही कुठल्या भिंतीला आहे?"

मी पदवीची प्रमाणपत्रे हातात धरून उभा होतो. असल्या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. म्हणालो, "मांडणीच्याच भिंतीला."

"आणि ताटं उभी असतात की आडवी?"

"उभी."

"मग इथंही उभीच लावते," असे म्हणून त्यांनी सगळी ताटे पुन्हा काढली. त्या आमच्या चाचणी विभागाच्या प्रमुख आहेत आणि एवढा वेळ त्या स्टीलच्या ताटांआडून राउटर कसा चालतो ते तपासत होत्या, हे मला संध्याकाळी कळले. या बाईंपासून चार हात लांब राहायचे, असे मी त्याच दिवशी ठरवले. पुढे इतक्या वर्षांत ते मला एकदाही जमलेले नाही, आणि आज त्यांच्या षष्ट्यब्दीपूर्तीच्या या ग्रंथासाठी लिहायला बसलो आहे.

वाचकांपैकी अनेकांना आमचे काम ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात घरोघरी इंटरनेट पोचवणारी आमची एक लहानशी कंपनी आहे. खांबांवरून तार नेऊन घरात आणायची, आणि तिच्या टोकाला वायफायचा डबा, म्हणजे राउटर, बसवायचा. हा डबा आम्ही बनवत नाही, पुरवठादाराकडून विकत घेतो. पण तो बिघडला की ग्राहक पुरवठादाराला ओळखत नाही, शिव्या आम्हालाच मिळतात. कुठला डबा लोकांच्या घरात जाईल आणि कुठला दारातूनच परत जाईल, हे माणिकताई ठरवतात. त्यांची सही झाल्याशिवाय आमच्याकडे एकही डबा खोक्यातून बाहेर निघत नाही.

ताई मूळच्या चिंचणीच्या, सासर पालघरचे. आमच्याकडे येण्याआधी त्या एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असत. शिकवण्याची सवय अजून गेलेली नाही. आपण बोलताना एखादा शब्द सैल वापरला की त्या चष्म्यावरून पाहतात, आणि आपण आपोआप वाक्य पुन्हा सुरू करतो. कुणाची तोंडभर स्तुती केल्याचे मी कधी ऐकलेले नाही. "बरं झालंय" एवढे म्हणाल्या तर तो माणूस आठवडाभर छाती काढून फिरतो.

त्यांची कामाची पद्धत मात्र कुठल्या पुस्तकातली नाही. पुरवठादाराचे प्रमाणपत्र त्या वाचतात, बाजूला ठेवतात, आणि डबा पाहुणा म्हणून राहायला पाठवतात. पाहुण्याची घरे ठरलेली आहेत. पहिले चिंचणीला त्यांच्या भावाचे. ओट्यापासून मागच्या पडवीपर्यंत लांबलचक घर, जाड भिंती, आणि वाडीत विहिरीवरची मोटार. मोटार सुरू झाली की घरातले दिवे क्षणभर डोळा मारतात. तेवढ्यात जो डबा दम सोडतो, तो परत जातो. दुसरे घर सरावलीला, औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांच्या चाळीतली एक खोली. आणि तिसरे दातिवऱ्याला, समुद्राकाठी, आमचे, म्हणजे माझ्या आईवडिलांचे. ते कसे ठरले ते सांगायलाच हवे.

एकदा आमच्या घरी पाठवलेला डबा तासातासाला बंद पडू लागला. आमचा तरुण अभियंता कौस्तुभ पाहायला गेला आणि हसत परत आला. माझ्या आईने डबा प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर सुतळीची गाठ मारली होती. कार्यालयात त्यावर बराच हशा झाला, त्यात मीही होतो. ताई हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन दातिवऱ्याला आल्या. आई अंगणात वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालत होती. ताईंनी विचारले, "पिशवी कशाला बांधलीत?"

"खारा वारा हाय, बाय," आई म्हणाली. "आमी टीव्हीला बांधतो, रेडिओला बांधतो. ह्याला उघडा ठेवला तर चार म्हयन्यांत गंजून जाल. तुमचा पोरगा हसत होता, मी बोलली, हस. तुला काय, तू बोयसरला राहतं."

ताईंनी डब्याला हात लावून पाहिला. तो चांगलाच तापला होता. परतीच्या वाटेवर त्या म्हणाल्या, "तांडेल, तुमच्या आईंना पिशवी सोडायला सांगून उपयोग नाही. किनाऱ्यावर प्रत्येक घरात हेच होणार. मग पिशवीत न तापणारा डबा शोधायला हवा." तेव्हापासून आमच्याकडे पिशवीची चाचणी आहे. दातिवऱ्याला आलेला प्रत्येक नवा डबा आई स्वतःच्या हाताने बांधते. पुरवठादाराच्या माणसांना हे समजावून सांगताना ताईंचा चेहरा इतका गंभीर असतो की हसायची त्यांची हिंमत होत नाही.

ज्या घरात डबा पाहुणा असतो, त्या घराची ताई फार अदब राखतात. चाचणीत कुठल्या वेळी किती वापर झाला हे आम्हाला पाहावे लागते. एकदा आमच्यातलाच एकजण, अमुक घरी दिवसभर काय काय पाहतात, यावर मिश्कीलपणे काही बोलला. ताईंनी हातातला कप खाली ठेवला. "आपण डबा तपासायला जातो, घर नाही," एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून तसली माहिती आमच्या पडद्यावर दिसणारच नाही अशी व्यवस्था त्यांनी करून घेतली. तो गृहस्थ अजून आमच्याबरोबर आहे, चांगले काम करतो.

माझे वडील इस्पितळात होते तेव्हा मी बरेच दिवस कामावर नव्हतो. परत आलो तेव्हा माझ्या ग्राहकांच्या तक्रारींचा डोंगर पडला असेल या भीतीने आधी तक्रारवही उघडली. तक्रार एकही शिल्लक नव्हती. पुढे केळव्याला एका घरी गेलो, तर तिथल्या आजी म्हणाल्या, "तुमच्या मास्तरीणबाई येऊन गेल्या. शिडीवर पन चढल्या, आमीच घाबरलो." मी ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, "मला तशीही त्या बाजूला चाचणी होती." त्या बाजूला तेव्हा कसलीही चाचणी नव्हती.

आता सरावलीच्या शुक्रवाराविषयी. आमच्या कंपनीत हा शब्द नुसता उच्चारला तरी जुने लोक अजून खुर्चीत सरसावून बसतात.

किनाऱ्यावरच्या गावांसाठी आम्ही एकदम मोठी खरेदी करणार होतो. तार दातिवऱ्यापर्यंत पोचली होती, फक्त घरातले डबे बसायचे बाकी होते. त्याच सुमारास मुंबईची एक बडी कंपनी हमरस्त्याच्या कडेने खोदत आमच्याच दिशेने येत होती. त्यांच्याकडे पैसा, जाहिरात, सगळे होते. आमच्याकडे लोकांचा विश्वास तेवढा होता. पहिल्या महिन्यात डबे नीट चालले तर लोक आमच्याकडे राहतील, रडले तर सगळे उठून तिकडे जातील, आणि आमचे दुकान बंद होईल. हे आमचे संचालक चुरीसाहेब जाणून होते, शिपाईसुद्धा जाणून होता. गणपतीत दातिवऱ्याला वायफाय येणार, असा शब्द मी गावात देऊन बसलो होतो.

डबाही सापडला होता. चार शिंगांचा, म्हणजे चार अँटेनांचा, देखणा. चिंचणीला मोटारीपुढे टिकला, दातिवऱ्याला पिशवीत तापला नाही, सरावलीच्या खोलीत तर फारच छान चालला. चुरीसाहेबांनी पुरवठादाराला तोंडी होकार देऊन टाकला. राहिली होती ती ताईंची सही. गुरुवारी संध्याकाळी त्या सरावलीहून डबा परत आणायला गेल्या, मी बरोबर होतो. शेजारच्या खोलीतला शिवकुमार पाळी संपवून येत होता. हा कापडाच्या कारखान्यात काम करतो, बायको आणि मुलगी दूर गावाकडे. त्याच्याकडे आमचाच जुना डबा होता. ताईंनी सहज विचारले, कसे चालते?

"बाकी दिन तो एकदम बढ़िया, मॅडम," तो म्हणाला. "बस फ्राइडे को नहीं चलता. हफ्ते में एक ही दिन बेटी से आराम से बात होती है, और वही दिन नहीं चलता."

ताई चाळीच्या पायरीवर बसल्या. गुडघे दुखत असतील असे मला वाटले. पण त्या म्हणाल्या, "तांडेल, वसाहतीची सुट्टी कधी असते?"

"शुक्रवारी."

"आणि आपली?"

आमचीही शुक्रवारीच. बोईसरला सगळ्यांचीच सुट्टी शुक्रवारी, म्हणून कार्यालयही त्याच दिवशी बंद. इतकी वर्षे आम्ही चाळीतली चाचणी शनिवार ते गुरुवार करत होतो, म्हणजे नेमकी चाळ रिकामी असताना. ज्या दिवशी सगळे घरी असतात आणि प्रत्येक खोलीत फोन सुरू असतात, त्या दिवशी आम्हीही आपापल्या घरी झोपलेले असायचो. ही चूक मुंबईच्या किंवा पुण्याच्या माणसाने केली नसती, ती करायला बोईसरचेच असावे लागते.

त्या तिथेच थांबल्या नाहीत. "आणि एकच डबा ठेवून काय कळणार? विकत घेऊ तेव्हा सगळ्या रांगेत हेच डबे असतील." त्यांनी नमुन्यांचे अख्खे खोके मागितले आणि चुरीसाहेबांकडे एक शुक्रवार मागितला. साहेब वैतागले होते. "ताई, एकच शुक्रवार देतो. शनिवारी सकाळी सही नाही झाली, तर तुमचा विभाग बंद. पुढचा माल पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर घेईन." ते रागाच्या भरात म्हणाले, पण तसे करण्याचा त्यांना अधिकार होता. ताई "बरं" म्हणाल्या. मीही ताईंशी भांडलो, आणि ते माझे कामच होते. गावाला मी तोंड कसे दाखवणार होतो?

शुक्रवारी सकाळी रांगेतल्या प्रत्येक खोलीत चार शिंगांचा डबा बसला. ताई लॅपटॉप मांडीवर घेऊन त्याच पायरीवर बसल्या. सुरुवातीला सगळे सुरळीत होते. कुणी कपडे धूत होते, कुणाकडे मटण शिजत होते. जेवणवेळ जवळ आली तसे सगळे मोकळे झाले आणि फोन हातात आले. थोड्याच वेळात एक दार उघडले. हातात फोन, "चला गया." मग दुसरे दार, तिसरे. "आया." "अरे, फिर गया." पाहता पाहता अख्खी रांग दारात उभी. शिवकुमारही होता. त्याच्या पडद्यावर मुलीचा चेहरा तोंड उघडून थिजला होता.

काय झाले ते ताईंनी मला तिथेच समजावले. वायफायला चालण्यासाठी वेगवेगळ्या वाटा असतात, त्यांना चॅनल म्हणतात. एका वाटेवर गर्दी झाली की हा हुशार डबा रिकामी वाट शोधून तिकडे जातो. एकटा असतो तेव्हा हे उत्तम. पण इथे सगळेच डबे सारखे हुशार होते. सगळ्यांना एकाच वेळी गर्दी दिसली, सगळ्यांना तीच रिकामी वाट दिसली, आणि सगळे एकदम तिकडे पळाले. तिथे पुन्हा गर्दी, पुन्हा पळापळ. प्रत्येक उडीला सगळ्या खोल्यांतले बोलणे तुटत होते. एसटीत एक बाक रिकामे दिसले की सगळे प्रवासी उठून धावतात, तसेच ते होते.

शनिवारी ताईंनी सही केली नाही. पुरवठादाराचा अभियंता फोनवर पुन्हा पुन्हा सांगत होता, "मॅडम, हमारी लॅब में तो एकदम ठीक चला."

"आपकी लॅब में शुक्रवार होता है क्या?" ताईंनी शांतपणे विचारले.

चुरीसाहेब समोरच बसले होते. आता विभाग बंद होणार, असे मी धरून चाललो होतो. साहेबांनी विचारले, "दुरुस्त होईल?"

"ते मला माहीत नाही," ताई म्हणाल्या. "पण हा असाच लोकांच्या घरी गेला, तर पहिल्याच शुक्रवारी आपण संपलो. मग माझा विभाग बंद केला काय आणि नाही काय."

साहेब उठून खिडकीपाशी गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "मग थांबू." त्या एका शब्दासाठी मी त्यांना आजवर मनातल्या मनात कितीदा नमस्कार केला असेल. तेव्हा मात्र मला फक्त गाव दिसत होते. दातिवऱ्याला जाऊन आईला सांगितले, गणपतीत होणार नाही. ती म्हणाली, "बाय थांब बोलली ना, मग थांबायचा. आमी काय कुठं पळून जातो?"

पुरवठादाराला आमची खरेदी हवी होती, त्यामुळे त्यांची माणसे स्वतः सरावलीला आली, पायरीवर बसली आणि सगळा गोंधळ डोळ्यांनी पाहून गेली. ताईंनी त्यांना उपायही सुचवला: गर्दी दिसली तरी प्रत्येक डब्याने लगेच पळू नये, आपापला वेगळा वेळ थांबावे, आणि कुणी बोलत असेल तर जागा सोडूच नये. ते नवे सॉफ्टवेअर घेऊन आले तो शुक्रवार मी विसरणार नाही. हमरस्त्यावरचे खोदकाम सरावलीच्या फाट्याशी येऊन ठेपले होते. आज फसले, तर आम्हाला दुसरा डबा शोधायला वेळच उरला नव्हता.

जेवणवेळ झाली. चाळीत कुणी बाहेर आले नाही. आणखी वेळ गेला, तरी एकही दार उघडले नाही. मला धडकी भरली, सगळ्यांचेच कायमचे गेले की काय? मी उठून शिवकुमारच्या दारात डोकावलो. तो भिंतीला टेकून बसला होता. फोनवर त्याची मुलगी शाळेतली कसली तरी कविता हातवारे करून म्हणत होती. मला पाहून त्याने मान न वळवता हातानेच खूण केली, "बाद में आना, साहब."

मी परत आलो आणि ताईंना सांगितले. त्यांनी लॅपटॉपवर शेवटची नजर टाकली, चष्मा काढला, पदराने पुसला आणि "हुश्श" केले. मी त्यांच्या तोंडून तो शब्द प्रथमच ऐकला. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले होते, ते लपवायला मी चहा सांगायला गेलो. परत आलो तोवर त्यांनी पायरीवरच कागद मांडीवर घेऊन सही केली होती. "बरं झालंय," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते मी विचारले नाही, आठवडाभर छाती काढून फिरलो.

पुढे दिवाळीच्या आधी दातिवऱ्याला वायफाय आले. बडी कंपनीही आली, तिने काही ग्राहक नेलेच, पण बहुतेक लोक आमच्याकडे राहिले आणि आमचे दुकान चालू आहे. आईच्या घरी डबा अजून पिशवीत आहे आणि व्यवस्थित चालतो.

साठीला निवृत्ती हा आमच्या कंपनीचा नियम आहे. ताईंची साठी जवळ येऊ लागली तशी माझ्या जिवाला घोर लागला. कौस्तुभ आता चांगला तयार झाला आहे, पिशवीला हसत नाही. तरी पायरीवर ताई नाहीत हे चित्र मला डोळ्यांसमोर आणवत नव्हते. शेवटी एकदा धीर करून विचारले, "ताई, तुम्ही गेल्यावर कसं होणार?"

"काय व्हायचंय? सही कौस्तुभ करेल," त्या म्हणाल्या. "शनिवार ते गुरुवार मी येणार नाही. वाडीत चिकू आहेत, भावाला मदत हवी, आणि मला आता निवांत झोपायचंय."

माझा चेहरा पडला असावा. त्यांनी चष्म्यावरून पाहिले.

"शुक्रवारची मला सुट्टी असते, तांडेल. शुक्रवारी येईन."

मी तिथेच हुश्श केले, आणि मला ते लपवावेसे वाटले नाही. ताईंना उदंड आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे धड राहोत, नजर अशीच चष्म्यावरून रोखलेली राहो, आणि शनिवार ते गुरुवार त्यांना गाढ झोप लागो, एवढेच आम्हा सगळ्यांचे मागणे आहे. येत्या शुक्रवारी सरावलीला नवा डबा यायचा आहे. ताई, पायरी झाडून ठेवली आहे.